समाजमंदिरासाठी मातीविटांचं हातप्रेस: विकत घ्यावं की भाड्यानं आणावं?

आधी निकाल सांगतो. एका गावच्या एका समाजमंदिरासाठी हातप्रेस विकत घेऊ नका, भाड्यानं आणा. तालुक्यात चार-पाच इमारती पाठोपाठ व्हायच्या असतील तर विकत घ्यायला हरकत नाही. दोन्हीकडे अट एकच: यंत्र गावात यायच्या आधी माती तपासलेली हवी आणि नकाशा विटेच्या मापात बसवलेला हवा. ही दोन कामं राहिली तर उत्तम यंत्रातूनही रद्दी वीट निघते.

हे परीक्षण कुठल्याही इमारतीसाठी नाही, एका ठरावीक इमारतीसाठी आहे. सकाळी अंगणवाडी, दुपारी बचत गटाची बैठक, ग्रामसभेला सगळी दारं उघडून पटांगणापर्यंत माणसं, लग्नसराईत मांडव आणि पावसाळ्यात कुणाचं घर पडलं तर आसरा, अशी रोज रूप बदलणारी जागा. एरवी आरसीसी सांगाड्यात लाल विटांच्या भिंती भरून असा हॉल बांधतात. वर गच्ची, दोन खिडक्या, एक शटर. एप्रिलमध्ये तिथे दुपारी कुणी बसत नाही. मातीची वीट इथे कामाची ठरते, पण ‘माती म्हणजे आपोआप गारवा’ असं समजू नका. गारवा छप्पर, सावली आणि वारा यांनी येतो. भिंतीचा वाटा त्यानंतरचा.

यंत्र कसं आहे

सिमेंट मिसळलेली ओलसर माती साच्यात भरायची, झाकण लावायचं आणि लांब दांड्यानं खालची प्लेट वर रेटून दाबायची. भट्टी नाही, कोळसा नाही. या जातीचं पहिलं गाजलेलं यंत्र सिनवा-राम, १९५० च्या दशकात कोलंबियात तयार झालं. आपल्याकडे दोन घराणी प्रसिद्ध आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राच्या कामातून आलेलं मर्दिनी आणि ऑरोविलच्या अर्थ इन्स्टिट्यूटचं ऑरम. मर्दिनीची नेहमीची वीट २३० × १९० × १०० किंवा ३०५ × १४३ × १०० मिमी. ऑरम ३००० ची २४० × २४० × ९० आणि २९५ × १४० × ९० मिमी, शिवाय इतर बरेच साचे बदलून लावता येतात. ऑरमचा जोर १५ टन सांगितला जातो. २४ × २४ सेंमीच्या विटेवर तो दर चौरस सेंमीला २६ किलो पडतो. साधारण १६ सेंमी खोल सैल माती ९ सेंमीवर येते.

समाजमंदिरासाठी साचे बदलता येणं हाच या यंत्रांचा मोठा गुण आहे. भिंतीला चौकोनी वीट, खांबाला लांबट वीट, कोपऱ्याला अर्धी, सळईसाठी भोकाची, हे सगळं त्याच सांगाड्यावर निघतं. पुढचा सगळा हिशेब २४० आणि २९५ मिमीच्या साच्यांवर केलेला आहे. मर्दिनीसारखं यंत्र असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

हातप्रेसची मर्यादाही इथेच आहे. दाब माणसाच्या हातून येतो आणि साच्याची उंची ठरलेली असते. म्हणून विटेची घनता साच्यात किती माती गेली यावर ठरते. माती कमी पडली तर दांडा लोण्यासारखा खाली येतो, वीट मापात दिसते, पण पोकळ असते. जास्त झाली तर दांडा खाली बसत नाही, माणसं त्यावर लोंबकळतात आणि पिना झिजतात. उपाय सोपा आहे. प्रत्येक विटेची माती मोजलेल्या डब्यानं भरायची आणि दर दहा विटांना एक ताजी वीट काट्यावर ठेवायची. २४० ची वीट वाळल्यावर सुमारे १० किलो, २९५ ची सुमारे ७ किलो भरते. ताजी वीट पाण्यामुळे थोडी जड असते. पहिल्या चांगल्या विटेचं वजन यंत्रावर खडूनं लिहून ठेवा आणि त्यातला फरक १००–१५० ग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नका. उंचीत फरक १ मिमीचा. उंची बदलायला लागली तर आधी प्लेटवरची चिकटलेली माती खरवडा आणि तेलाचा बोळा फिरवा. तरीही फरक राहिला तर साच्याचं अस्तर झिजलंय असं समजा.

माती: सगळी मेख इथे आहे

सिमेंटची वीट करायला चांगल्या मातीत खडी-बारीक खडे १५ टक्के, वाळू ५०, गाळ १५ आणि चिकणमाती २० टक्क्यांच्या आसपास असावी. महाराष्ट्रात अशी माती तयार सापडणं अवघड. पठारावर वर काळी माती, तिच्याखाली मुरूम. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिला ५ टक्के सिमेंट धरून ठेवू शकत नाही. जास्त सिमेंट ओतूनही फायदा होत नाही, कारण चिकणमातीचे गोळे आतून कोरडेच राहतात आणि सिमेंट त्यांच्यावर नुसता लेप देतं. चिकट मातीला चुना लागू पडतो, पण चुन्याच्या विटेला पिकायला वेळ जास्त लागतो आणि गावच्या वेळापत्रकात तो सहसा बसत नाही. म्हणून सरळ मार्ग म्हणजे तांबडा-पिवळा मऊ मुरूम चाळून त्यात खडी क्रशरची डस्ट (दगडाची भुकटी) मिसळणं. ६० भाग मुरूम आणि ४० भाग डस्ट इथून सुरुवात करा आणि खालच्या चाचण्यांनी प्रमाण पक्कं करा.

सरळ बाजूंची काचेची बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून तासभर ठेवा, पुन्हा हलवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. खाली खडे-वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमाती असे थर पट्टीनं मोजता येतात. चिकणमातीचा थर फुगलेला असतो, त्यामुळे तो दिसतो त्याहून थोडा कमी धरायचा. दुसरी चाचणी आकुंचनाची. ६० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, ४ सेंमी खोल लाकडी पेटी आतून तेल लावून ओल्या मातीनं ठासून भरायची आणि सावलीत पूर्ण वाळू द्यायची. मग सगळे तुकडे एका टोकाला सरकवून रिकामी जागा मोजायची. सिनवा-रामच्या काळापासूनचा ठोकताळा असा: १५ मिमीच्या आत असेल तर १ भाग सिमेंटला १८ भाग माती, ३० पर्यंत १:१६, ४५ पर्यंत १:१४, ६० पर्यंत १:१२. आमच्या मते ३० मिमीच्या वर गेलात तर सिमेंट वाढवू नका, डस्ट वाढवा. या विटेतला पर्यावरणाचा खरा बोजा सिमेंटचाच आहे. ५ टक्क्यांचे १० टक्के झाले की भट्टी वाचवल्याचा फायदा हळूहळू निघून जातो.

गावठाणातली पांढरी माती बरणीत घालून पाहा. गाळाचा थर मोठा निघाला तर ती विटेला नको. शेतातली वरची फूटभर माती तर कधीच नको. तिच्यात मुळं आणि कुजका पाला असतो, तो सिमेंटला पकडू देत नाही, आणि ती माती शेताचं भांडवल आहे. ती बाजूला काढून ठेवा आणि खालचा मुरूम उचलून झाल्यावर परत पसरा. खड्डा मोठा असेल तर जागा अशी निवडा की नंतर त्यात पावसाचं पाणी साठवता येईल.

आणखी एक गोष्ट, जी यंत्र विकणारा सांगत नाही. मुरूम गौण खनिज आहे. उचलायला तहसीलची परवानगी आणि रॉयल्टी लागते. अर्ज यंत्राची तारीख ठरवण्याच्या आधी करा, नाहीतर भाडं चालू आणि माती बंद अशी गत होते.

एक घाण (एका वेळी मिसळलेला माल), अर्धी गोणी

गणित सोपं ठेवायचं. ५ टक्के सिमेंट म्हणजे १० किलोच्या विटेला अर्धा किलो. ५० किलोच्या गोणीत २४० च्या १०० विटा. एका वेळी अर्धीच गोणी मिसळा, म्हणजे चौकोनी ५० विटा किंवा लांबट ७०. पाणी पडल्यापासून अर्ध्या तासात माल संपायला हवा आणि सरावलेली टोळी तेवढ्या वेळात एवढ्याच विटा काढते. पूर्ण गोणी मिसळली की शेवटच्या ढिगातलं सिमेंट यंत्रात जाण्याआधीच आवळायला लागतं. अशा विटा दिसायला सारख्याच असतात आणि दोन पावसाळ्यांनी त्यांच्या कडा गळतात.

माती ८ ते १० मिमीच्या तिरप्या चाळणीतून काढायची. मुरूम, डस्ट आणि सिमेंट कोरडंच तीन वेळा फावड्यानं उलटायचं, रंग एकसारखा होईपर्यंत. मग झारीनं पाणी शिंपडत दोन वेळा. पाइपनं पाणी सोडलं की गोळे होतात. पाणी बरोबर आहे का हे मुठीनं ठरतं. गोळा वळा, कमरेच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाका. चार-पाच तुकडे झाले तर ठीक. भुगा झाला तर पाणी कमी, नुसता चपटा झाला तर जास्त. दुपारच्या उन्हात ढीग वाळतो, म्हणून ही परीक्षा प्रत्येक घाणीला करायची.

टोळी सात-आठ जणांची: चाळायला एक, मिसळायला दोन, साचा भरायला एक, दांड्यावर दोन, वीट उचलायला आणि रचायला एक-दोन. मुरलेली टोळी दिवसाला १००० विटांपर्यंत जाते. गावच्या नव्या टोळीला पहिल्या आठवड्यात ४०० आणि पुढे ६००–७०० धरा. मजुरी नगावर देऊ नका. नगावर दिली की साच्यात माती कमी पडते, कारण हलका दांडा लवकर खाली येतो. रोजानं द्या आणि वजनात नापास झालेली ताजी वीट तिथल्या तिथे फोडून त्याच घाणीत परत टाका.

ताजी वीट कडेनं दाबून उचलू नका, दोन्ही तळहात बाजूंना सपाट लावून उचला. लगेच सावलीत चार-पाच थर रचून प्लॅस्टिकनं पूर्ण झाका. ४८ तास हे प्लॅस्टिक हलता कामा नये. प्लॅस्टिकच्या कडांवर विटांचे तुकडे ठेवा, वारा आत शिरला की बाहेरच्या रांगेचं सिमेंट तहानलेलं राहतं. मग घट्ट चळती रचून, वर गोणपाट टाकून २८ दिवस रोज पाणी. बहुतेक ठिकाणी काम फसतं ते इथेच, यंत्रावर नाही. टोळी गेलेली असते, पाण्याची जबाबदारी कुणावर हे ठरलेलं नसतं आणि गोणपाट दहाव्या दिवशी कोरडं पडतं.

म्हणून महिना निवडणं महत्त्वाचं. दिवाळी झाली की विटा पाडायला घ्या, माघापर्यंत संपवा. विहिरीला पाणी असतं, ऊन सोसवतं, मजूर मिळतात. मार्चनंतर टँकरच्या गावात २८ दिवस विटांना पाणी देणं शक्य नाही आणि योग्यही नाही. छप्पर मृगाच्या आत चढायला हवं.

चांगल्या विटेचे आकडे असे: ५ टक्के सिमेंटच्या विटेची कोरडी ताकद दर चौरस सेंमीला ५० किलोच्या आसपास, भिजल्यावर निम्मी, २५ किलो. पाणी ८ ते १२ टक्के पिते. महिनाभरानंतर पूर्ण वाळलेली वीट २४ तास बुडवून ठेवा. १० किलोची वीट ११.२ किलोच्या आत राहावी आणि ओल्या कडेला नख घासल्यावर माती सुटू नये. प्रयोगशाळेत आयएस १७२५ या मातीविटांच्या भारतीय मानकाप्रमाणे तपासणी करून घ्याच, कारण सरकारी निधीच्या कामात इंजिनिअर तो कागद मागणार. पण नखाची परीक्षा प्रत्येक चळतीला करता येते, प्रयोगशाळेत सहा-आठच विटा जातात.

हॉल विटेच्या मापात

आता इमारत. १२ मीटर लांब, सुमारे ७.५ मीटर रुंद, ३ मीटरचे चार गाळे. एका टोकाचा गाळा कोठी आणि स्वयंपाकाच्या सामानासाठी बंद. उरलेला ९ × ७ मीटरचा हॉल, खाली बसून सव्वाशेच्या आत माणसं. लांब बाजूला २.४ मीटरची पडवी, तिथे आणखी पन्नास. पुढे पटांगण.

लवचीकपणा येतो तो एका निर्णयानं: छप्पर खांबांवर आणि लांब बाजूंना एकही कायमची भिंत नाही. पक्क्या भिंती तीनच, दोन टोकांच्या आणि कोठीची, तिन्ही आडव्या. वारा आणि भूकंपाचा धक्का रुंदीच्या दिशेनं त्या तिघी घेतात. लांबीच्या दिशेला खांबांच्या डोक्यावरचा सळई-काँक्रीटचा पट्टा आणि कैच्यांमधल्या (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांमधल्या) तिरप्या बांधण्या. लांब बाजूंना भिंती बांधून नंतर ‘इथे एक दार पाडू’ असं करायचं असेल तर ही वीट वापरू नका. तोडफोडीत तिचे काठ उडतात आणि दुरुस्ती कायम दिसत राहते.

९० मिमी वीट आणि १० मिमी दर्जा (विटांमधला मालाचा सांधा), म्हणजे १० थरांत बरोबर १ मीटर. २४० ची वीट अधिक १० मिमी म्हणजे मीटरला चार विटा, चौरस मीटरला ४०. दाराची रुंदी, खिडकीचा तळ, पट्ट्याची उंची, सगळं २५ सेंमी आणि १० सेंमीच्या पटीत काढा. मग विटा तोडाव्या लागत नाहीत. मिस्त्री लाल विटेच्या सवयीनं फटकन वीट तोडतो. मातीची वीट तशी सरळ तुटत नाही, म्हणून अर्ध्या विटा साच्यातूनच काढून द्या.

खांबाची रचना बारकाईनं पाहण्यासारखी आहे. २९५ × १४० च्या चार विटा भिंगरीसारख्या गोल फिरवून मांडायच्या, एकीचं टोक दुसरीच्या कुशीला. बाहेरून ४४५ मिमीचा चौकोन होतो आणि मधोमध १६५ मिमीची चौकोनी पोकळी उरते. पुढच्या थराला भिंगरी उलटी फिरवायची. सांधा एका थरात डाव्या कोपऱ्यापासून ३० सेंमीवर येतो, वरच्या थरात १४ सेंमीवर, म्हणजे उभी फट कुठेच सलग राहत नाही. अर्धी वीट लागत नाही. पोकळीत जोत्यापासून वरच्या पट्ट्यापर्यंत सळई आणि दर पाच थरांनी काँक्रीट. एकदम वरून ओतलं तर मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून पाच थर. ३ मीटरच्या खांबाला ३० थर, १२० विटा. लांब बाजूंचे दहा आणि तीन आडव्या भिंतींच्या मध्यावर आधाराला तीन, मिळून १,५६०. भिंती सुमारे ६० चौरस मीटर, म्हणजे २४० च्या २,४००. दहा टक्के फुटतूट आणि तपासणीचे नमुने धरून ४,४०० विटा पाडा. त्याला सिमेंटच्या ४० गोण्या आणि चाळणीतली वाया जाणारी धरून १२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माल लागतो. खांबाचं काँक्रीट, जोतं आणि दर्जाचा माल वेगळा.

सळई कशासाठी, हा प्रश्न हमखास येतो, कारण वजनाला ती लागत नाही. कौलारू छप्पर आणि खांबाचं स्वतःचं वजन धरून तळाशी दर चौरस सेंमीला २ किलोच्या आतच भार येतो. प्रश्न उलटा आहे. पत्र्याचं छप्पर हलकं असतं आणि दोन्ही लांब बाजूंनी उघड्या हॉलमध्ये वळवाचा वारा शिरला की तो छप्पर खालून उचलतो. कैची नुसती वरच्या चार थरांत गाडली तर त्या थरांसकट निघते. सळई जोत्यापर्यंत गेली की सगळा खांब वजन म्हणून कामाला येतो. सळईची जाडी आणि पट्ट्याचं लोखंड स्थानिक इंजिनिअरकडून भूकंपक्षेत्र पाहून ठरवून घ्या.

मराठवाड्यात मातीचं नाव काढलं की किल्लारी आठवते आणि ते साहजिक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या तिथल्या भूकंपात जी घरं माणसांवर कोसळली, त्यांच्या भिंती ओबडधोबड दगडाच्या, मातीच्या चिखलात रचलेल्या, जाडजूड आणि दोन पापुद्र्यांच्या होत्या. वर मातीचं जड माळवद होतं. भिंतींना एकमेकींशी बांधणारा पट्टा नव्हता. इथे वीट मापाची आहे, छप्पर हलकं आहे, जोत्याला आणि डोक्यावर पट्टा आहे, खांबात सळई आहे. यातलं एकही वगळून ‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो’ म्हणणारा ठेकेदार असेल तर काम देऊ नका.

दर्जाचा माल विटेहून किंचित कमजोर हवा. सिमेंट, चाळलेली माती, वाळू १:१:६ चांगला बसतो. १:४ चा कडक सिमेंट माल वापरला तर भेग सांध्यातून न जाता विटेतून जाते. वीट लावण्याआधी पाण्यात बुचकळा. बाहेरून सिमेंटचं प्लास्टर नको. ते ओल आत कोंडतं आणि तीन-चार वर्षांत पोपडे धरतं. उघडी वीट ठेवा, फार तर चुन्याचा हात.

बदलती भिंत

दोन खांबांमध्ये मोकळी जागा ३,००० वजा ४४५, म्हणजे २,५५५ मिमी. तिथे सुमारे ८४० मिमीचे तीन फळके. चौकट हलक्या पाइपची, मध्ये बांबूची तट्टी किंवा बांबू-मॅट बोर्ड. जमिनीतल्या पट्टीवर सरकणारी दारं घेऊ नका. अंगणातली माती आणि लग्नातले तांदूळ त्या खोबणीत जातात आणि वर्षभरात दार अडकतं. एक तर वरून टांगलेली घडीची दारं, नाहीतर पिनांवर बसणारे, उचलून काढता येणारे फळके. आमची पसंती उचलायच्या फळक्यांना, अट एवढीच की एक फळका २० किलोच्या आत असावा म्हणजे दोन बायका तो सहज उचलून कोठीत लावू शकतात. अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस यांनाच ते रोज करायचं आहे, हे नकाशा काढणाऱ्यानं लक्षात ठेवावं. कोठीत सगळ्या फळक्यांना उभं राहायला खाचा ठेवा. नाहीतर ते भिंतीला टेकून वाकतात आणि एका पावसाळ्यानंतर जागेवर बसत नाहीत.

बिजागरी आणि पिना मातीच्या विटेत ठोकू नका. फुगणारा रावल बोल्ट कडेजवळ कसला की वीट चिरते. त्यासाठी विटेच्याच मापाची काँक्रीटची ठोकळी आधी ओतून ठेवा, त्यात लोखंडी पट्टी घालून, आणि प्रत्येक खांबात तीन उंचींवर ती बसवा. विजेच्या नळ्यांचंही तसंच. भिंत खोदायची नाही, नळ्या वरून. बोर्ड कुठे, पंखा कुठे, माइकचा पॉइंट कुठे, हे वीट लागण्याआधी ठरवा.

एक उणीव मान्य करायला हवी. हॉलच्या मध्ये फळके लावून दोन कार्यक्रम एकाच वेळी चालवता येत नाहीत. आवाज फळक्यांच्या वरून कैच्यांतून पलीकडे जातो. पावसात पत्र्याखाली तर माइकशिवाय बोलणं ऐकू येत नाही. पत्र्याखाली बांबूच्या चटईचं छत घातलं तर आवाज आणि उष्मा दोन्ही कमी होतात. कौलं जास्त चांगली, पण माकडांचा उपद्रव असलेल्या गावात ती टिकत नाहीत.

पाण्यापासून वाचवणं हा बाकी सगळा खेळ. जोतं काळ्या दगडाचं, किमान ४५ सेंमी. छपराची पागोळी भिंतीपासून पाऊण ते एक मीटर बाहेर. पागोळीखाली फरशी नको, खडीचा पट्टा हवा, कारण फरशीवरून उडालेले शिंतोडेच खालचे तीन थर खातात. पडवी शक्यतो पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला. न्हाणी-संडास या विटेत बांधू नका, ते वेगळे, भट्टीच्या विटेत.

आणि पाया. काळ्या मातीवर उथळ पाया घातला तर भिंतीला तिरप्या भेगा जातात आणि दोष विटेला लागतो. लाल वीट असती तरी त्या भेगा पडल्याच असत्या. कडक मुरूम लागेपर्यंत खोदा. तो फार खोल असेल तर इंजिनिअरकडून अंडररीम पाइलचा (तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खोल खांबांचा) विचार करून घ्या. सैल काळी माती उकरून त्याच खड्ड्यात परत भरण्याइतकं वाईट काही नाही.

कुणी घेऊ नये

कोकणात आणि गोव्यात चांगला जांभा जवळ मिळत असेल तर हे यंत्र आणण्यात अर्थ नाही. चिरा खाणीतून मापात कापून येतो, २८ दिवस थांबावं लागत नाही आणि मिस्त्र्यांना तो पाठ आहे. चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांच्या आसपास राखेच्या विटा सहज मिळतात, तिथेही आधी त्यांचा भाव काढा. वर्षभर टँकरवर असलेल्या गावानं तर विचारच करू नये. हे यंत्र शोभतं ते दहा-पंधरा किलोमीटरच्या आत मुरूम आणि क्रशर असलेल्या, विहिरीला माघापर्यंत पाणी असलेल्या आणि भट्टीची वीट लांबून आणावी लागणाऱ्या गावाला.

असं बांधकाम टिकतं का, हे पाहायचं असेल तर ऑरोविलचं अभ्यागत केंद्र पाहा. १९८९ ते १९९२ मध्ये याच पद्धतीच्या विटांनी ते उभं राहिलं. बंगालच्या उपसागराचा पाऊस त्यानं तीन दशकं झेलला आहे आणि रोज शेकडो माणसं तिथे येतात-जातात. जोतं आणि छपराची पागोळी तिथे कशी हाताळली आहे ते जरूर बघा.

भाड्याचा करार करताना दिवसांवर नाही, विटांच्या संख्येवर बोला. ४,४०० विटांना सुट्या धरून बारा-पंधरा दिवस लागतील. परवानगी किंवा पावसामुळे काम अडकलं तर दिवसाचं भाडं अंगावर येतं. करारात २४० चा पूर्ण आणि अर्धा, तसंच २९५ चा साचा नावानिशी लिहून घ्या, कारण नुसतं यंत्र येतं आणि साचे ‘नंतर पाठवतो’ म्हणून राहतात. शिकवणारा माणूस पहिले तीन दिवस हवा आणि जाण्याआधी त्यानं तुमच्याच मातीच्या तीस विटा पाडून, तोलून, झाकून दाखवायला हव्यात. यंत्र उतरवलं की पहिल्यांदा साच्याच्या चारही भिंतींना गुण्या (काटकोन पाहायची पट्टी) लावा आणि दांड्याच्या पिना हलवून बघा. मग ते खुंट्या ठोकून जमिनीला पक्कं बसवा. नुसतं ठेवलेलं यंत्र दांड्याच्या ओढीनं कलतं आणि वीट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक निघते.